किनाऱ्यावरच्या मुलांना आधी काय द्यावं: भरतीची वही, रोबोटिक्सचा संच की दुर्बीण?

दर्यावर्दी: दहा-बारा वर्षांच्या मुलाला विज्ञानाची गोडी लागावी म्हणून थेट महागडा संच घेऊ नका. आधी एक वही द्या. मोठ्या माणसासोबत जेटीवर जाऊन पाणी कितव्या पायरीला टेकलं नि किती वाजता थांबलं, ते रोज टिपायचं. शेजारी चंद्राचं चित्र. महिन्याभरात उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) नि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) आलेखात उमटतात. मग कोळ्यांचा हिशेब पडताळायला द्या: तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब काही दिवस चुकतो. भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते, पण उधाणाच्या सुमारास कमी उशिरा आणि भांगाच्या सुमारास तासाहूनही जास्त. चंद्राच्या ओढीत सूर्याची ओढ मिसळते म्हणून. हे ‘का’ मुलानेच विचारायला हवं.

जांभ्याचा चिरा: पटलं नाही. महिनाभर वही धरणारं मूल विरळा. हाताने केलेलं यंत्र त्याच संध्याकाळी उत्तर देतं. आर्डुइनो ऊनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आणि एचसी-एसआर०४ हा ध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर घ्या, पावसाळ्यात विहिरीची पातळी मोजा. प्रतिध्वनी परत यायला लागलेले मायक्रोसेकंद भागिले ५८, की सेंटिमीटर. सेन्सर काठाला लावला तर चिऱ्यांवरून प्रतिध्वनी येऊन आकडे उड्या मारतात, म्हणून आडव्या काठीने मधोमध टांगायचा. पल्ला ४ मीटरच, पण आषाढ-श्रावणात बऱ्याच विहिरींचं पाणी तेवढं वर येतं.

दर्यावर्दी: तो सेन्सर उघडा असतो, दमट हवेत लवकर मरतो. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी घ्यावा, मात्र २० सेंटिमीटरच्या आतलं त्याला कळत नाही. शिवाय रोबोटिक्सच्या तयार गाडीच्या संचात एल२९८एन हा मोटर चालवणारा बोर्डच सुमारे २ व्होल्ट खातो. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट, मोटरला उरतात ४. गाडी रखडते आणि मुलाला वाटतं, आपलंच चुकलं.

जांभ्याचा चिरा: मग ते मोजायला मल्टिमीटर द्या की! हाच तर धडा आहे. मोटर सुरू होताच ऊनो रीसेट होत असेल, म्हणजे बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर मोटरला वेगळी बॅटरी, दोन्हींचं ग्राउंड (ऋण टोक) मात्र एकत्र.

आकाशकंदील: दोघेही आकाश विसरलात. रत्नागिरीत ८ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो; मालवणात सुमारे तीन दिवस आधी. सरळ उभी नळी नि ओळंबा एवढंच लागतं. सावली नाहीशी होते ती १२:३३च्या सुमारास, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि रत्नागिरी त्याच्या ९ अंशांहून अधिक पश्चिमेला. ऑगस्टमध्ये दुसरी संधी असते, पण ती ढगांत जाते. दुर्बीण घ्यायचीच तर १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री, खिडकीच्या चौकटीवर टेकवून. गुरूचे चंद्र दिसतात. सूर्याकडे कधीही रोखू नये. भिंगावरचं खारं कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे पडतात. आधी फुंकणीने उडवा, मग ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड. ठेवताना हवाबंद डब्यात सिलिका जेल, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

दर्यावर्दी: सावलीचा प्रयोग मान्य. ती वेळही त्याच वहीत लिहायला लावा.