सरकारी जमिनीवर हरणाच्या शिकारीचा परवाना: अमेरिकेत मिळतो, मग आपल्याकडे?

प्रश्न: कास्तकार_केळापूर

सर्वांना नमस्कार. माझे वावर यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात असून त्याच्या दोन धुऱ्यांना झुडपी जंगल लागून आहे. हरभऱ्याला घाटे धरू लागले की चितळांचे कळप आणि रोही (नीलगायी) रात्री वावरात उतरतात, आणि जागलीला बसलेला एकटा माणूस चारही बाजूंना पुरत नाही. माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. तो यंदा प्रथमच परवाना काढून तिथल्या सरकारी जंगलात हरणाच्या शिकारीला जाणार आहे. त्याचे म्हणणे असे, की जमीन सरकारची म्हणजे जनतेची असेल, तर नागरिकाने रीतसर परवाना मागण्यात गैर ते काय?

तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नवख्या माणसाला तिथे ही परवानगी कशी मिळते? आणि आपल्याकडे झुडपी जंगलात, निदान स्वतःच्या वावरात तरी, असे काही शक्य आहे का? ऐकीव माहिती कृपया देऊ नये. ती आमच्या पारावर भरपूर मिळते.

उत्तर १: निवृत्त_वनपाल

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण चुकीच्या समजुतीने तुरुंगात जाण्याची वेळ तिथेच येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ९ शिकारीला बंदी घालते आणि ती घालताना जमीन कोणाची आहे हे विचारतच नाही. झुडपी जंगल असो, गायरान असो, की तुमच्या नावाचा सातबारा असलेले वावर असो, चितळ मारणे सगळीकडे सारखाच गुन्हा आहे. शिकारीच्या व्याख्येत फासे लावणे, जाळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते, त्यामुळे ‘मारले कुठे, फक्त वाघर लावली होती’ हा बचाव टिकत नाही. काळवीट आणि चिंकारा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. ग्रामसभेला मिळालेल्या सामूहिक वनहक्काचा आधार काही जण घेतात, परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य करतानाच शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. झुडपी जंगल ही वनजमीनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. पण तसे सांगितले नसते तरी तुमच्या प्रश्नाचे उत्तर बदलले नसते.

सन १९७२ पूर्वी वनखाते शिकारीसाठी ‘ब्लॉक’, म्हणजे जंगलाचा ठरावीक भाग, देत असे आणि परवान्यावर कोणता प्राणी, किती, हे लिहिलेले असे. गावातले म्हातारे ज्या परवान्याच्या गोष्टी सांगतात तो हाच, आणि तो इतिहासजमा झाला.

आता जी फट उघडी आहे तिच्याविषयी. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या काही प्राण्यांच्या पारधीची लेखी परवानगी कलम ११ खाली देता येते. महाराष्ट्रात रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत २०१५ मध्ये शासन निर्णय झाला असून त्यासाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा लागतो. चितळ त्यात येत नाही. परवानगी नुकसान थांबवण्यासाठी असते. मारलेला प्राणी सरकारजमा होतो आणि त्याचे मटण घरी नेता येत नाही. ज्यांना शिकारीची हौस भागवायची आहे त्यांच्या कामाची ही तरतूद नव्हे, हे मी माझ्या नोकरीत अनेकांना सांगून थकलो.

उत्तर २: वऱ्हाडी_परदेशी

मी मूळचा अकोल्याचा असून सध्या पेनसिल्व्हेनियातच राहतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. इथे पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीचे शिक्षण देणारा अभ्यासक्रम आधी पूर्ण करावा लागतो. बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर असणे सक्तीचे आहे. हरणाला नारिंगी आणि हिरवा हा भेद नीट दिसत नाही, माणसाला मात्र दुरूनही दिसतो, त्यामुळे एकमेकांच्या गोळीपासून बचाव होतो. नवख्याने रंगापेक्षा वाऱ्याची चिंता अधिक करावी, कारण वारा पाठीमागून वाहत असला तर हरीण दिसण्यापूर्वीच निघून गेलेले असते. जनावर पडले की ते हलवण्यापूर्वी त्याच्या कानाला चिठ्ठी बांधावी लागते, नंतर शासनाला कळवावे लागते, आणि रानातल्या हरणाचे मांस विकता येत नाही. मावसभाऊ व्हिसावर असतील तर बंदूक हाती घेण्यापूर्वी त्यांनी संघराज्याचा कायदा नीट तपासावा. व्हिसाधारकांना बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई असून शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद आहे.

मावसभावांच्या युक्तिवादात एक गोष्ट राहून गेली आहे. इथले लांडगे आणि पहाडी सिंह एकोणिसाव्या शतकातच संपवले गेले, हरणे बेसुमार वाढली आणि जंगलातली कोवळी रोपे खाऊन टाकू लागली. ती संख्या आवरण्याचे काम आता शिकाऱ्यावर आले आहे. तुमच्या तालुक्यात टिपेश्वर अभयारण्य आहे, तिथे हे काम वाघ करतो. त्याच्या वाट्याचे चितळ कमी झाले तर तो गोठ्याकडे वळेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

उत्तर ३: शेलू_वर्धा

दादा, कायदा कळला, पण हरभऱ्याचे काय? माझे वावर बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाकडे आहे, म्हणून भरपाईबद्दल लिहिते. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार नोंदवा. नंतर पंचनामा होतो, आणि त्या वेळी कोणत्या प्राण्याने खाल्ले हा मुद्दा निघतोच. डुक्कर माती उकरते आणि झाडे लोळवते. चितळ हरभऱ्याचे शेंडे खुडल्यासारखे खाते आणि त्याचे खूर लहान, निमुळते उमटतात. रोही तुरीचे वरचे शेंडे ओरबाडते, फांद्या मोडते आणि पुन:पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते, त्यामुळे धुऱ्याजवळ त्यांचा ढीग सापडतो. खुरांचे फोटो सकाळीच, ऊन तिरपे असताना, शेजारी काडीपेटी ठेवून काढा; दुपारपर्यंत कोरड्या मातीत कडा ढासळतात आणि मग शेळीचे खूर की चितळाचे, यावर वाद होतो. रक्कम झालेल्या नुकसानाच्या मानाने तोकडी मिळते, हे खरे. तरीही दरवेळी अर्ज करा, कारण नोंदच नसेल तर पारधीची परवानगी मागताना दाखवायला हाती काही राहत नाही.

सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. त्याचा झटका क्षणभराचा असतो, त्याने जनावर मागे फिरते. खांबावरून आकडा टाकून तारेत थेट वीज सोडण्याचा विचार मात्र मनातही आणू नका. त्या तारेला वाघ चिकटतो, तसाच पहाटे मोटर सुरू करायला निघालेला शेजारीही चिकटतो, आणि आपल्या विदर्भात दोन्ही घडले आहे.

कास्तकार_केळापूर

सर्वांचे आभार. रोहीसाठी अर्ज करतो आणि कुंपणाची चौकशी करतो. एक शंका उरली आहे. धुऱ्यावर चितळाचे गळून पडलेले शिंग सापडले असून पोरांनी ते घरात आणून ठेवले आहे. त्यासाठी कोणी काही मारलेले नाही, मग ते ठेवले तर चालेल का?

निवृत्त_वनपाल

चालणार नाही. चितळाची शिंगे दरवर्षी आपोआप गळतात हे खरे, परंतु कायद्याच्या दृष्टीने ती सरकारी मालमत्ताच आहे आणि ताब्यात आल्यापासून ४८ तासांत कळवावे लागते. उद्या सकाळीच वनरक्षकाकडे जमा करा आणि पोच मागून घ्या.