लिमिट भरण्यावर असते, खेळण्यावर नाही
ऑनलाइन जुगाराच्या साइटवर ‘डिपॉझिट लिमिट (महिन्याला किती पैसे भरता येतील याची मर्यादा) संपली की त्या महिन्याचा खेळ आपोआप संपतो’ असं म्हणतात, ते पटलं नाही. लिमिट फक्त खात्यात नव्याने भरायच्या पैशांना असते. जिंकलेली रक्कम काढून न घेता पुन्हा लावली तर ती त्यात सहसा धरलीच जात नाही. माझ्या एका जवळच्या मित्राला हे कळायला कित्येक महिने गेले. रात्रभर खेळायचा आणि म्हणायचा, लिमिटच्या आत आहे ना! फार वाईट वाटायचं.

शिवाय लिमिट बहुधा त्या एका साइटपुरतीच असते. पाच साइट, पाच लिमिट. बेरीज कुणीच करत नाही. जर्मनीत मात्र २०२१ पासून सगळ्या परवानाधारक साइट मिळून महिन्याला १००० युरोची मर्यादा आहे. (काही अटींवर ती वाढवून मिळते.)