क्रँककेस बोअर करताना आतून बारीक छिद्रं निघतायत

प्रश्न: मॉडेल इंजिनाचा क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो तो डबा) घरीच वाळूच्या साच्यात ओतला. वरून छान दिसत होता. लेथवर बोअर करताना (आतून भोक कोरताना) 2 मिलिमीटर आत गेलो तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, आणि सिलिंडर बसतो त्या जाड भागात सर्वात जास्त. भंगार अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटींचं. वितळल्यावर बराच वेळ भट्टीत ठेवून ढवळत होतो. हा तिसरा तुकडा वाया गेला, जीव तुटतो. कुठे चुकतंय?

उत्तर 1: ढवळणं नडतंय. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन शोषतं, गोठताना तो वायू आत अडकतो. धातू 660 अंशांना वितळतो. 720च्या आसपास पोचला की मळी काढा आणि लगेच ओता. चौकटीऐवजी जुने पिस्टन वापरा, त्यात सिलिकॉन भरपूर, साच्यात छान वाहतं. आणि झारा आधी तापवून कोरडा करा. ओला बुडवलात तर धातू अंगावर उडेल, हात जोडून सांगतो.

उत्तर 2: जाड भाग शेवटी गोठतो, त्याला धातू पुरवायला रायझर, म्हणजे साच्यातला जादा धातूचा खांब, त्याहून जाड हवा. बोअरला धारदार टूल आणि थोडं रॉकेल, नाहीतर धातू टोकाला चिकटतो.

प्रश्नकर्ता: माझा रायझर बोटाएवढाच होता! पिस्टन आहेत घरात. त्यातल्या स्टीलच्या रिंगा आधी काढून ठेवतो.