मागचा डावा दरवाजा रिमोटने लॉक होत नाही, मोटर बदलू का?

कोथरूडची मानसी:
माझी २०१३ची हॅचबॅक आहे, सेंट्रल लॉक कंपनीतूनच आलेलं. पावसाळा सुरू झाल्यापासून मागचा डावा दरवाजा रिमोटला कधी जुमानतो, कधी नाही. बाकीचे तीन दरवाजे व्यवस्थित लॉक होतात. गॅरेजवाल्याने पाच मिनिटं बघितलं आणि लॅचसकट मोटर बदला म्हणाला, साडेचार हजार सांगितले. त्याच दरवाजातला स्पीकरही मधूनच गप्प होतो, पण तो जुनाच आहे म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.
आई रोज त्याच दाराने चढते-उतरते, म्हणून अजून एक शंका: बॅटरी उतरली तर ती आत अडकेल का?

सिंहगड रोडवाला:
रिमोटचा सेल बदलून बघा. माझ्याकडे तेवढ्यानेच काम झालं होतं.

जुना वायरमन:
मानसीताई, तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. तीन दरवाजे लागतात म्हणजे रिमोट, फ्यूज, रिले सगळं ठीक आहे. सेलवर पैसे घालवू नका, आणि मोटरवर तर आत्ता मुळीच नको.

दाराच्या पत्र्याआड, लॅचला लागून एक प्लास्टिकची डबी असते. तिच्यात खेळण्यातल्या गाडीत असते तसली छोटी डीसी मोटर आणि तिच्यापुढे गिअर. रिमोट दाबला की तिला क्षणभर १२ व्होल्ट मिळतात, गिअर फिरतात आणि लॅचमधली पट्टी सरकून लॉक पडतं. उघडताना त्याच दोन वायरींचे प्लस-मायनस उलटे होतात, मोटर उलटी फिरते. लॉक एकदा पडलं की करंट बंद. पुढे ते धरून ठेवायला वीज लागतच नाही. त्यामुळे बॅटरी उतरली तरी आई आतली घुंडी हाताने ओढून उतरू शकतील. फक्त चाइल्ड लॉक बघा. दार उघडल्यावर लॅचच्या बाजूला, दाराच्या कडेला त्याची बारीक खिटी असते. ती लागलेली असेल तर आतलं हँडल कितीही ओढा, दार उघडत नाही.

आता बिघाडाकडे येतो. स्पीकर गप्प होतो हे तुम्ही सहज लिहिलंत, पण खरी खूण तीच आहे. लॉकची आणि स्पीकरची वायर एकाच रबरी नळीतून दारात जाते. मधला खांब आणि मागचं दार यांच्यामध्ये बिजागरीजवळ ती घड्याघड्यांची काळी नळी दिसेल. दार उघडलं-मिटलं की आतल्या वायरी वाकतात. आपल्याकडे डावी बाजू फुटपाथची, मागे बसणारा माणूस तिथूनच चढतो, म्हणून ते दार जास्त हलतं. तांबं आतून तुटतं, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. त्यात पावसाचं पाणी शिरलं की तांब्यावर हिरवा गंज चढतो.

दार अर्धं उघडा. एकाने पुढे बसून लॉकचं बटण दाबायचं, दुसऱ्याने नळी हळूहळू वाकवायची. एखाद्या कोनात 'टक' झालं की समजा वायर तुटली आहे. पाच-सहा वेळांपेक्षा जास्त दाबू नका, मोटर तापते. मग नळी सरकवून एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली वायर रबर बँडसारखी ताणली जाते.

जोडताना नुसती पिळून टेप मारू देऊ नका, सहा महिन्यांत पुन्हा तेच होतं. मऊ वायरीचा तुकडा घालून सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा आणि सांधा वाकणाऱ्या जागेपासून लांब ठेवा.

'टक' झालंच नाही तर डोअर पॅड काढून मोटरच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावायचा. बटण दाबल्यावर दिवा क्षणभर पेटला आणि मोटर गप्पच राहिली, तरच मोटर गेली. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद मात्र पुन्हा नीट चिकटवून घ्या, नाहीतर काचेवरून दारात उतरलेलं पाणी पायाशी येतं.

सिंहगड रोडवाला:
माझी मोटरच गेली असेल तर? गाडीत लॉक बाहेरून बसवलेलं आहे.

जुना वायरमन:
मग सोपं आहे, नाना पेठेत सुटी मोटर मिळते. बाहेरून बसवलेल्या सेटमध्ये सहसा ड्रायव्हरच्या दाराला पाच वायरींची आणि बाकीच्यांना दोन वायरींची असते. जुनी मोटर सोबत न्या.

कोथरूडची मानसी:
काका, दार साधारण अर्ध्यावर आलं तेव्हा 'टक' झालं! मग आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने नळी सरकवली, तर एक वायर पूर्ण तुटलेली आणि स्पीकरची एक दोन-तीन तारांवर लटकलेली. तांबं हिरवं पडलं होतं. दोन्ही तुम्ही सांगितलंत तशाच जोडून घेतल्या, साडेतीनशे रुपये झाले. आणि चाइल्ड लॉक खरंच लागलेलं होतं. भाचा लहान असताना लावलं असणार. आई इतकी वर्षं बाहेरून कुणी दार उघडायची वाट बघत बसायची, आणि मला वाटायचं तिला हँडल जड जातं.

जुना वायरमन:
छान झालं. ड्रायव्हरच्या दाराचीही नळी एकदा बघून घ्या, ते दार तर दर फेरीला उघडतं.