विषय: ठाण्याहून ब्रिटनला येणाऱ्या कुत्रीसाठी आजीवन विमा

प्रेषक: नवे सभासद, पाचपाखाडी, ठाणे

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या जानेवारीत आम्ही दोघे नोकरीनिमित्त रेडिंगला राहायला येत आहोत आणि आमची चार वर्षांची लॅब्राडॉर कुत्री चिंगी आमच्याबरोबर येणार आहे. तिच्या प्रवासाची तयारी मार्गी लागली आहे. मायक्रोचिप बसवून झाली, त्यानंतर रेबीजची लस दिली, लसीला तीस दिवस उलटून गेल्यावर रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला आणि त्याचा निकाल समाधानकारक आला. आता नमुना घेतल्यापासूनचे तीन महिने पूर्ण होण्याची आम्ही वाट पाहत आहोत.

अडले आहे ते विम्यापाशी. तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांवर आजीवन संरक्षणाच्या अनेक पॉलिसी दिसतात. त्यांतील एकीचा मासिक हप्ता 24 पौंड आहे, तर दुसरीचा 41 पौंड, आणि वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाटतात. चिंगीला दोन वर्षांपूर्वी गोचीडताप येऊन गेला होता. शिवाय पावसाळ्यात तिचा डावा कान लाल होतो आणि ती तो सारखा खाजवते. या गोष्टी विमा कंपनीला सांगाव्या लागतील का, आणि सांगितल्यास विमा मिळेल का, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

प्रेषक: जुन्या सभासद, नेरुळ, नवी मुंबई

स. न. वि. वि.

मी अनेक वर्षे लेस्टरला होते आणि निवृत्तीनंतर इकडे परतले. तिथे आमच्या दोन कुत्र्यांच्या विम्याचे सगळे व्यवहार मीच पाहत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ब्रिटनमध्ये कुत्र्यांचा विमा चार प्रकारांत मिळतो. पहिला केवळ अपघातापुरता असतो. दुसरा एखाद्या आजारावर साधारण बारा महिनेच खर्च देतो. तिसरा एका आजारासाठी ठरावीक रकमेपर्यंतच खर्च देऊन कायमचा थांबतो. आणि चौथा आजीवन संरक्षणाचा. पहिल्या तिघांचा विचार लॅब्राडॉरसाठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या जातीत कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्यांचे विकार, त्वचेची ॲलर्जी आणि वाढत्या वजनातून होणारे त्रास नेहमी दिसतात, आणि हे आजार एकदा मागे लागले की वर्षानुवर्षे औषध चालू ठेवावे लागते. आजीवन पॉलिसीत दर वर्षी नूतनीकरण झाले की खर्चाची मर्यादा पुन्हा पूर्ण भरून मिळते, त्यामुळे यंदा सुरू झालेल्या ॲलर्जीचा खर्च पुढच्या वर्षीही मागता येतो. तिचे खरे मोल याच एका गोष्टीत आहे.

आता 24 आणि 41 पौंडांमधला फरक कुठे असू शकतो, ते पाहा. काही पॉलिसींमध्ये सर्व आजारांसाठी मिळून वर्षाची एकच मर्यादा असते, तर काहींमध्ये प्रत्येक आजाराला वर्षाकाठी वेगळी मर्यादा असते. दुसऱ्या प्रकारात जाहिरातीवर मोठा आकडा असला, तरी आतल्या पानावर एका आजाराला जेमतेम दीड हजार पौंड असू शकतात. गुडघ्याचा लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया करावी लागली, तर तज्ज्ञाकडचे बिल चार-पाच हजार पौंडांपर्यंत सहज जाते; तेव्हा दीड हजारांच्या मर्यादेने काही भागत नाही. त्यातच पुष्कळ पॉलिसींमध्ये दोन्ही गुडघे किंवा कंबरेच्या दोन्ही बाजू मिळून एकच आजार धरला जातो. एका पायावर शस्त्रक्रिया झाल्यावर काही महिन्यांनी दुसरा पाय दुखावणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि तसे एकाच वर्षात घडले तर दोन्ही पायांना मर्यादा एकच लागू होते. आपल्या दोन पॉलिसींची कागदपत्रे उतरवून घ्या आणि सर्वप्रथम हे कलम वाचा.

यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी की कुत्र्याला एकदा दीर्घ आजार जडला की मालकाला कंपनी बदलता येत नाही, कारण नव्या कंपनीच्या दृष्टीने तो आजार पूर्वीपासूनचा ठरतो आणि संरक्षणातून वगळला जातो. हप्ता मात्र कुत्र्याच्या वयाबरोबर आणि दाव्यांबरोबर वाढत जातो. त्यामुळे पहिल्या वर्षाचा हप्ता पाहून निवड करणे मला पटत नाही. चिंगी दहा वर्षांची झाल्यावर हाच विमा आपल्याला पेलवेल का, हे आज विचारा. त्याच कंपनीकडून, त्याच पिनकोडसाठी, नऊ किंवा दहा वर्षांच्या लॅब्राडॉरचा दर संकेतस्थळावर काढून पाहता येतो. पुढचा नेमका हप्ता त्यावरून कळणार नाही, परंतु चढण किती तीव्र आहे याचा अंदाज निश्चित येतो.

आपल्याकडे भारतात कुत्र्यांचा विमा काही कंपन्या देतात, परंतु त्यात वयाची वरची मर्यादा असते आणि नेमके म्हातारपणी संरक्षण संपते. ब्रिटनमधली आजीवन पॉलिसी कुत्र्याच्या अखेरीपर्यंत चालू ठेवता येते, हे खरे. मात्र तीही दर वर्षी नव्याने होणारा करारच असते. बँकेतून हप्ता जायचा राहिला आणि पॉलिसी बंद पडली, तर तोवरचे सगळे आजार पूर्वीपासूनचे होऊन बसतात. बँक बदलताना हे विशेष लक्षात ठेवावे.

आजार सांगावेत का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे. पहिला मोठा दावा आला की कंपनी डॉक्टरांकडून कुत्र्याचा संपूर्ण इतिहास मागवते, आणि त्यात ठाण्याचे कागदही येतात.

---

प्रेषक: सभासद, पशुवैद्यक, घोडबंदर रोड, ठाणे

वरील पत्राला एक पुस्ती जोडते.

आमच्याकडे बहुतेक कुत्र्यांचा इतिहास म्हणजे लसीकरणाची एक पुस्तिका असते. तिच्यात लसीच्या बाटलीवरचे स्टिकर चिकटवलेले असते, शेजारी तारीख आणि सही असते, आणि मधल्या भेटींची नोंद कोपऱ्यात पेनाने केलेली असते: "डावा कान लाल, थेंब 7 दिवस." आमच्या कामापुरते एवढे पुरते. विमा कंपनीचा अधिकारी मात्र तीच ओळ वाचून दोन्ही कानांचे सर्व विकार, आणि कधी कधी त्वचेची ॲलर्जीसुद्धा, वगळू शकतो, कारण लॅब्राडॉरमध्ये वारंवार कान दुखणे हे पुष्कळदा ॲलर्जीचेच लक्षण असते. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून एक व्यवस्थित पत्र घ्या. कान कधी लाल झाला, तपासणीत बुरशी आढळली की जिवाणू, कोणते औषध किती दिवस दिले आणि तो पूर्ण बरा झाल्याची खात्री कधी झाली, हे सर्व त्यात असावे. जे घडले ते जसेच्या तसे लिहिलेले असावे; सौम्य करून लिहिण्याचा आग्रह कोणत्याही डॉक्टरांना करू नये.

गोचीडतापाचे कारण एर्लिकिया होते की बॅबेशिया (हे दोन्ही गोचिडीतून पसरणारे सूक्ष्मजंतू), हे जुन्या अहवालात असेल तर तो अहवाल जपून ठेवा. एर्लिकियाचा जंतू लक्षणे गेल्यानंतरही शरीरात सुप्त राहू शकतो. त्यामुळे आत्ता एकदा रक्तपेशींची, विशेषतः प्लेटलेटची, तपासणी करून घेतली, तर चिंगीच्या प्रकृतीसाठीही बरे आणि तिथल्या डॉक्टरांनाही उपयोगाचे. हा आजार इंग्लंडमध्ये आपल्याइतका सर्रास दिसत नाही, म्हणून आपणहून सांगितलेले चांगले.

---

प्रेषक: नवे सभासद, पाचपाखाडी, ठाणे

दोघींचेही मनःपूर्वक आभार. डॉक्टरांना भेटून आलो. ते पत्र देत आहेत आणि रक्तही तपासायला दिले आहे. आपण म्हणालात तशी कागदपत्रे वाचली, तेव्हा असे आढळले की स्वस्त पॉलिसीत एका आजाराला वर्षाला 2,000 पौंड आहेत आणि महागड्या पॉलिसीत सर्व मिळून 8,000. स्वस्त पॉलिसीत कुत्रा आठ वर्षांचा झाल्यावर बिलाचे 20 टक्के मालकाने द्यायचे आहेत. हे प्रत्यक्षात किती भारी पडते? आणि विमा ठाण्यातूनच सुरू करता येईल का?

---

प्रेषक: जुन्या सभासद, नेरुळ, नवी मुंबई

समजा, बिल 1,000 पौंडांचे आहे आणि ठरलेली वजावट, म्हणजे बिलातला आधी मालकानेच सोसायचा भाग, 100 पौंड आहे. उरलेल्या 900 चे 20 टक्के म्हणजे 180, एकूण 280 पौंड आपले आणि 720 कंपनीचे. एका बिलाला हे सुसह्य वाटते. परंतु वजावट साधारणपणे प्रत्येक आजाराला दर वर्षी नव्याने लागते. म्हातारपणी ॲलर्जी आणि संधिवात दोन्ही असतील तर दोन वजावटी, आणि त्यावर हा पाचवा हिस्सा. ज्या वयात खर्च वाढतो त्याच वयात आपला वाटाही वाढतो, हे मला स्वस्त पॉलिसीचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. मी आपल्या जागी असते तर 8,000 ची पॉलिसी घेतली असती, मात्र तिच्यातही टक्केवारीचे कलम कोणत्या वयापासून लागू होते ते विचारून.

विमा ब्रिटनमधल्या पत्त्यावर, कुत्री तिथे राहायला आल्यावरच सुरू होतो. त्यानंतरही आजारांसाठी साधारण 14 दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि त्यात दिसलेला आजार कायमचा वगळला जातो. म्हणून पोहोचल्याच्या दिवशीच पॉलिसी घ्या. कान पुढे बराच काळ निर्दोष राहिला तर वगळलेला भाग पुन्हा समाविष्ट करता येतो का, हेही लेखी विचारा. काही कंपन्या दोन वर्षे लक्षणे किंवा उपचार नसल्यास ते मान्य करतात.

लसीकरण आणि दातांची वार्षिक तपासणी यांचा खर्च विम्यात मिळत नाही, पण ती चुकवली तर त्यासंबंधीचे दावे नाकारले जातात. चिंगीमुळे कोणाला इजा झाल्यास द्यावी लागणारी भरपाई पॉलिसीत आहे का, तेही पाहा, कारण तिथे त्याबाबतचा कायदा कडक आहे आणि तो सर्व जातींना लागू होतो. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला आणि तिच्याकडे तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर वित्तीय लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

पोहोचल्यावर डॉक्टरांचे पत्र आणि रक्ताचे अहवाल रेडिंगच्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत नोंदवून घ्या, आणि कंपनीचे कानाविषयीचे उत्तर आले की ते इथे अवश्य कळवा.