‘फँड्री’ दाखवताना पोरं नको तिथे हसतात, काय करावं?

प्रश्न: नागपूरच्या धरमपेठेत नववी-दहावीच्या चाळीसेक मुलांना नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ सिनेमा दाखवायचाय. त्यातला दलित मुलगा जब्या वर्गातल्या शालूकडे चोरून बघतो, तिथे हशा पिकतो. चर्चा कशी घ्यावी?

उत्तर १: हसू द्या. तो हशा बहुतेक वेळा लाजेचा असतो, त्या वयात स्वतःलाच पडद्यावर बघणं जड जातं. खटकणारा हशा वेगळा: डुक्कर पकडताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागीच उभं राहतं, तिथला. चर्चा तिथूनच काढा. “आवडला का?” विचारू नका, “हो सर” एवढंच मिळतं. विचारा, “काळ्या चिमणीची राख जब्याला कशासाठी हवी होती?” आडनावाचा, जातीचा विषय कुणा एका पोराकडे बोट करून मुळीच काढू नका.

उत्तर २: सिनेमाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. तेव्हा लगेच ट्यूबलाइट लावली की सगळं विरतं. दोन मिनिटं अंधार, मग बिननावाच्या चिठ्ठ्या, एकच ओळ. मागच्या बाकावरचे यातच मोकळे होतात. अन् हो, कूलर दूर ठेवा भाऊ, संवाद ऐकू येत नाहीत.