शब्दचर्चा : 'आनुवंशिकता आणि पर्यावरण' मावशींना कळेल असं कसं लिहू?

रावपुरावाली :
बडोद्याच्या आमच्या मंडळात पुढच्या रविवारी मधुमेह तपासणीचं शिबिर आहे. पत्रक गुजरातीत आलं आणि त्याचं मराठी करायचं माझ्या गळ्यात पडलं. मतलब एवढाच, की टाइप टू मधुमेह नुसता आईबापांकडून येत नाही आणि नुसता खाण्यापिण्यानेही होत नाही, दोन्ही मिळून होतो. मी ऐटीत लिहिलं, 'हा आजार आनुवंशिकता व पर्यावरण यांच्या परस्परक्रियेतून उद्भवतो.' शेजारच्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कमाटीबागेत झाडाखाली बसलं की साखर उतरते, असंच ना?"

आता काय लिहू? 'पर्यावरण' म्हटलं की लोकांना झाडं आणि धूर दिसतो. इथे तर जेवण, झोप, दिवसभर बसून राहणं, आईच्या पोटात असताना मिळालेलं पोषण, सगळंच त्यात येतं. 'परिस्थिती' लिहावं तर आपल्याकडे परिस्थिती कायम बेताचीच असते, गरिबांचा आजार वाटेल. 'वातावरण' म्हणजे ढग. शिवाय घराण्यात आजार आहे, होईलच असं नाही पण धोका जास्त, याला एक शब्द आहे का? कोशात 'प्रवणता' मिळाला. मावशींना विचारायचा धीर झाला नाही.

निवृत्त मास्तर :
ताई, आधी अभिनंदन. 'आनुवंशिकता' बरोबर लिहिलंत. हल्ली जिकडेतिकडे 'अनुवांशिक' दिसतं, दवाखान्यांच्या पाट्यांवरसुद्धा. अनुवंश + इक, पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ' होतो. अनुषंगापासून आनुषंगिक, तसंच हे.

दांडियाबाजार :
मास्तर, वंशापासून वांशिक होतो की नाही? मग त्यालाच 'अनु' लावला असं समजा. सगळा गाव 'अनुवांशिक' म्हणतो, तर चूक कोणाची, गावाची की व्याकरणाची?

निवृत्त मास्तर :
गावाची. वांशिक दंगली असतात, मधुमेह नव्हे.

लॅबवाला :
वृद्धी राहू द्या, अर्थाचं बघा. आम्ही रोज रक्त तपासतो. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा रक्ताचा आजार, त्यात एकाच जनुकात बिघाड असतो. तो आई आणि वडील दोघांकडून आला की आजार, एकाकडूनच आला तर माणूस बहुतेक ठणठणीत, फक्त वाहक. छोटाउदेपूरकडच्या आदिवासी भागातले लोक येतात तपासायला. पण ज्याला आजार आहे त्यालाही रोज दुखतं असं नाही. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, ताप आला की दुखणं उसळतं. म्हणजे पक्क्या 'आनुवंशिक' आजारातसुद्धा बाहेरचं काहीतरी लागतंच. मधुमेहात तर शेकडो जनुकांतले बारीक बारीक फरक, एकेकाचा वाटा अगदी चिमूटभर. दोन्हीला एकच शब्द वापरतो म्हणून लोक म्हणतात, "आमच्या घराण्यातच आहे, आता भात कशाला सोडू?"

आणि पोटातल्या पोषणाचं ताई म्हणाल्या ते अगदी खरं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली अंगकाठी फसवी असते. याज्ञिकांचा पुढचा मुद्दा असा की हे आईच्या पोटापासून सुरू होतं. आपली बाळं वजनाला कमी, पण त्या मानाने चरबीला कमी नसतात.

दांडियाबाजार :
म्हणजे गर्भसंस्कार!

लॅबवाला :
नाही हो काका. आईला पुरेसं आणि नीट जेवायला मिळणं. श्लोकांनी चरबी हलत नाही.

पोहेजिलेबी (इंदूर) :
मी आपली घरातली मराठी सांगते. माझ्या मुलीला सासूबाई म्हणतात, "अगदी आत्याच्या वळणावर गेली." म्हणजे रक्तातलं. आणि तीच मुलगी उलट बोलली की मला ऐकवतात, "वळण नाही लावलंस." म्हणजे घरातलं. एकाच शब्दात दोन्ही! इंग्रजांना त्यांच्या गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये 'नेचर' (जन्मजात) आणि 'नर्चर' (संगोपनातलं) अशी जोडी लावून दिली तेव्हापासून ते दोन्ही वेगळं करत बसलेत. आपल्या सासवांनी केव्हाच एकत्र केलंय. ताई, 'वळण' वापरा.

रावपुरावाली :
काय सुंदर! पण 'मधुमेहाचं वळण' असं पत्रकात छापलं तर लोक मंडळाचा पत्ता समजतील. कुठल्या नाक्यावरून वळायचं विचारतील.

निवृत्त मास्तर :
'वळण' बोलीत गोड आहे, शास्त्रात चालणार नाही. 'प्रवणता' काय वाईट आहे? अपघातप्रवण क्षेत्र म्हणतोच ना आपण.

दांडियाबाजार :
दुष्काळप्रवण तालुका, अपघातप्रवण वळण, मधुमेहप्रवण मावशी. मास्तर, त्या तुम्हाला शिबिरात शोधत येतील.

सुरसागरकाठ :
मी गुजराती माध्यमात शिकलो. आमच्या पुस्तकात जनुकाला 'जनीन' आणि गुणसूत्राला, म्हणजे पेशीतल्या ज्या धाग्यांवर जनुकं असतात त्यांना, 'रंगसूत्र'. मुलाच्या मराठी पुस्तकात 'गुणसूत्र' वाचून मला आधी वेगळंच काही वाटलं. खरं तर 'रंगसूत्र'च मुळाला धरून आहे. १८८८ मध्ये वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने 'क्रोमोसोम' नाव ठेवलं तेव्हा ग्रीकमधला रंगाचाच शब्द घेतला, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ती रंग शोषून घेतात. आपण उगाच गुण चिकटवले. आणि 'आनुवंशिक'ला आमच्याकडे सरळ 'वारसागत' म्हणतात. ते का नको?

निवृत्त मास्तर :
वारसा घराचा, जमिनीचा. आणि वारस शब्द अरबीतून आलेला.

सुरसागरकाठ :
मग काय झालं? सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये सयाजीशासनशब्दकल्पतरु काढला त्यात संस्कृत, फारसी, उर्दू, गुजराती, मराठी एका ओळीत बसवलेत. बडोद्याच्या माणसाने तरी अरबीचा विटाळ मानू नये. (हा कोश राज्यकारभाराच्या शब्दांचा आहे, मधुमेह त्यात शोधू नका. मुद्दा मांडणीचा आहे.)

जुना वकील :
वारसा आला म्हणून बोलतो. आपल्याकडे यासाठी 'पिंड' होता. "त्याचा पिंडच तसा" यात रक्तही आलं आणि स्वभावही. मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात सपिंड म्हणजे एका शरीराचे अंश ज्यांच्यात आहेत ते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही सपिंड आहेच, आईकडून तीन पिढ्या आणि वडिलांकडून पाच.

पोहेजिलेबी (इंदूर) :
काका, आईकडून तीनच का? अर्धी जनुकं आईची असतात.

जुना वकील :
ते मिताक्षरेला विचारा.

दांडियाबाजार :
'पिंड' पत्रकात नको हां. लोक कावळा शोधतील.

रावपुरावाली :
तुमच्या सगळ्यांच्या पाया पडते. छापखानेवाल्याचे तीन फोन येऊन गेले, शेवटी मी असं दिलं : 'घरात कुणाला शुगर असेल तर तुम्हाला होण्याचा धोका जास्त. पण काय खाता, किती हिंडता-फिरता, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. म्हणून तपासून घ्या.' मावशींना वाचून दाखवलं, एकही प्रश्न आला नाही.

निवृत्त मास्तर :
'शुगर'?

लॅबवाला :
ताई, उपाशीपोटी यायचं, हे लिहिलंत ना?

रावपुरावाली :
अरे देवा.

दांडियाबाजार :
हातानेच लिहा आता प्रत्येकावर. पण 'उपाशीपोटी' की 'अनशापोटी'? आमची आजी 'अनोशापोटी' म्हणायची.

निवृत्त मास्तर :
अनशनापासून आलाय. 'अनशापोटी'च.

पोहेजिलेबी (इंदूर) :
आमच्याकडे 'अनोशा'च म्हणतात, मास्तर.